बोनस दिवाळीला, सण नाताळला

आमच्या घरात पैसा येतो दिवाळीला आणि सण असतो नाताळला. खरी अडचण या मधल्या दोन महिन्यांची.

आमचे हे जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली कामाला आहेत. बोनस कायद्याप्रमाणे किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, आणि तो हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यायचा. मार्चअखेर धरली तर नोव्हेंबर संपायच्या आत. ठेकेदार दिवाळीआधीच वाटून मोकळा होतो, कारण त्याचे बाकीचे जवळपास सगळे कामगार दिवाळी करणारे. आमच्या एका माणसासाठी डिसेंबरात वेगळं पाकीट कोण काढणार? आणि रक्कम हातात पडते तेव्हा गल्लीत फटाके, नवे कपडे, आकाशकंदील. लेकरांना किती दिवस सांगायचं की आपल्याला अजून वेळ आहे? थोडंफार घ्यावंच लागतं. मग दुकानाची थकलेली उधारी, शाळेच्या रिक्षाचे राहिलेले पैसे, तुळशीचं लग्न झालं की सुरू होणारी लग्नं आणि त्यांचे आहेर. डिसेंबर उजाडतो तेव्हा बोनसची फक्त आठवण असते.

2025 चा नाताळ आम्ही एक रुपया उसना न घेता केला. चौदा घरांनी मिळून केला. तो कसा जमला ते लिहिते, कारण आमच्यासारखी घरं अंबडला, परभणीला, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतही असतील आणि त्यांचीही डिसेंबरात हीच ओढाताण होत असेल.

आधी खर्च कशाचा ते सांगते. बाहेरच्यांना वाटतं नाताळ म्हणजे केक, झाड आणि लाल टोपी. आमच्याकडं नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, शंकरपाळे, शेव, चिवडा, रव्याचे लाडू. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलं. ते स्वतः ब्राह्मण घरातले. इथल्या ख्रिस्ती माणसांनी धर्म बदलला, कढई तीच राहिली. केक आमच्या सासूबाईंच्या लहानपणी घरात नव्हताच म्हणे, करंजी मात्र होती. आणि हा फराळ नुसता घरच्यांनी खायचा नसतो. दिवाळीत गल्लीतून ताटं आलेली असतात, ईदला समोरच्या भाभींकडून शीरखुर्म्याचं भांडं आलेलं असतं. नाताळला ते सगळं फेडायचं. शिवाय रात्री गाणी घेऊन येणारी मंडळी. पंधरा-वीस पोरं ढोलक, गिटार घेऊन दारात उभी राहतात, त्यांना चहा आणि ताटभर फराळ, वर वर्गणीचं पाकीट. कपडे एक जोड पंचवीस तारखेला, एक पहिल्या जानेवारीला. नवीन वर्षाच्या उपासनेला नाताळचाच फ्रॉक घातला तर पोरगी रुसते. चर्चमध्ये नाताळचं अर्पण वेगळं, वर्षअखेरचं उपकारस्तुतीचं वेगळं. आणि पंचवीस तारखेला दुपारी मटण.

आधी हे सगळं कसं व्हायचं? बचत गटातून दहा हजार उचलायचे आणि वर्षभर फेडायचे. आमच्या गटाचा अंतर्गत कर्जाचा दर महिन्याला दोन टक्के. दहा हप्त्यांत मुद्दल फेडलं तर पहिल्या महिन्याला दोनशे रुपये व्याज, मग एकशे ऐंशी, एकशे साठ, असं उतरत उतरत एकूण अकराशे रुपये जातात. हे तरी बरं म्हणायचं, गटाचं व्याज गटातच राहतं. गल्लीत आठवड्याच्या हप्त्याची माणसं मोटरसायकलवर येतात, त्यांच्याकडून घेतलेल्या बाया तर मंगळवार आला की दार लावून बसतात.

मध्यंतरी मी पिग्मी लावली होती. शिवणकामाचे रोज पन्नास रुपये एजंट घरी येऊन न्यायचा, पावतीवर सही द्यायचा. ती पतसंस्था मल्टिस्टेट होती, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी; नाव घेत नाही. 2023 पासून मराठवाड्यात अशा संस्थांचे दरवाजे एकामागून एक बंद झाले, त्यात आमचीही गेली. तेव्हा कुठं कळलं की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो तो पतसंस्थेच्या ठेवीला नसतो, आणि मल्टिस्टेटची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं असल्यामुळं जिल्ह्यातल्या उपनिबंधकाच्या दारात उभं राहून काही होत नाही. आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज भरून दिलाय. पैशाची वाट पाहणं मी सोडून दिलं.

तेव्हापासून घरातच डब्यात टाकायचं ठरवलं. आता घरातला डबा म्हणजे कुणीही उघडावा. लेकराला ताप आला, उघडला. गॅस संपला, उघडला. पैसा घराबाहेर पाहिजे आणि तरी आपल्या नजरेसमोर पाहिजे, हे काही केल्या जमत नव्हतं.

वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या हिंदू बायांनी. त्यांची दिवाळीची किराणा भिशी असते. वर्षभर दुकानदाराकडं दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, दिवाळीला तो रवा, साखर, तेल, डाळ असं सगळं बांधून देतो, वर एखादं स्टीलचं भांडं भेट. मी तिथं चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "ताई, डिसेंबरला पण देतो की, पण भाव त्या दिवशीचा." म्हणजे वर्षभर पैसे त्याच्याकडं बिनव्याजी, आणि भाव तो सांगेल तो. भांड्याची किंमत आपणच भरतो हे न कळायला आपण काय लहान आहोत?

नेहमीची चिठ्ठ्यांची भिशीही उपयोगाची नव्हती. चौदा बायांनी भिशी लावली तर चौदाजणींनाही नंबर डिसेंबरचाच पाहिजे. मार्चमध्ये जिची चिठ्ठी निघते तिचे पैसे मार्चमध्येच संपतात, आणि नाताळला ती परत मोकळ्या हातानं. म्हणून मी चर्चच्या महिला मंडळात असं मांडलं की नंबर काढायचाच नाही. जानेवारी ते नोव्हेंबर घरामागं पाचशे रुपये. मध्ये कुणाला कर्ज नाही, कुणाचं परत नाही. डिसेंबर लागला की मोंढ्यातून, म्हणजे ठोक बाजारातून, एकत्र माल आणायचा, वाटून घ्यायचा, उरलेले पैसे रोख.

"मध्ये कुणाला कर्ज नाही" यावर जवळजवळ भांडण झालं. एक वहिनी म्हणाल्या, "कामून नाही? बचत गटात देतात की." मी म्हटलं, बचत गट आहे ना, तिथं घ्या. हा पैसा कर्जाला दिला की तो डिसेंबरात यायचा नाही. ज्या महिन्यात सगळ्यांना लागतो त्याच महिन्यात फेडणाऱ्यालाही लागतो. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नींनी, माझी बाजू घेतली म्हणून ते टिकलं. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली आणि ती मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते. हा पैसा मंडळीच्या खात्यात ठेवायचा नाही. चर्चच्या खात्यात गेला की छपराचं काम निघतं, मग कुणी तोंड उघडून मागू शकत नाही.

म्हणून स्वतंत्र गट केला, ठराव लिहिला, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरवल्या आणि बँकेत बचत खातं उघडायला गेलो. कोषाध्यक्ष मी, कारण माझ्याकडं शिवणाच्या गिऱ्हाइकांची वही असते आणि ती मी नीट ठेवते असा माझा लौकिक आहे. बँकेतल्या साहेबांनी चौदाजणींचे आधार, पॅन, फोटो मागितले. दोघींच्या आधारवर माहेरचं नाव, एकीच्या आधारवरचा अंगठा लागेना. नंतर आमच्या बचत गटाच्या ताईंनी सांगितलं की गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तो छापून नेला तेव्हा काम झालं. दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत, आणि एटीएम कार्ड आम्ही मुद्दाम घेतलंच नाही.

आवर्ती ठेव कामून नाही केली, असं पुष्कळांनी विचारलं. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची; 2025 ला 6.7 टक्के व्याज चांगलं होतं, पण तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही, मग दर नाताळला तिचा काय उपयोग? बँकेत वर्षाच्या आतली मिळते. पण महिन्याला पाचशे प्रमाणे अकरा महिने भरले तर साडेसहा टक्क्यांनी घरामागं व्याज होतं पावणेदोनशे-एकशे ऐंशी रुपये. आणि आमच्यात कुणाचा हप्ता पाच तारखेला येतो, कुणाचा वीसला. हप्ता चुकला की दंड. पावणेदोनशेसाठी तेवढी कटकट नको म्हणून साध्या बचत खात्यावरच ठेवलं. ज्या बाईचा पगार एक तारखेला नक्की जमा होतो तिनं जरूर आवर्ती ठेव करावी. आमच्यात अशी एकच आहे, दवाखान्यात नर्स, आणि ती करतेही.

वसुली महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना सुटल्यावर, चर्चच्या आवारात निंबाखाली. नऊजणींचे पैसे लाडक्या बहिणीच्या पंधराशेतून यायचे. ते पैसे वेळेवर येतात असं काही नाही; कधी महिना उलटून जातो, कधी दोन महिन्यांचे एकदम. म्हणून वहीत तारखेला महत्त्व दिलं नाही, फक्त नोव्हेंबरअखेर अकरा खुणा पूर्ण पाहिजेत. खूण केली की वही पैसे देणारीकडंच फिरवायची, म्हणजे बाकीच्यांचे रकाने तिला आपोआप दिसतात. कुणाला बोलायची गरज पडली नाही. ज्यांचे दोन रकाने रिकामे असायचे त्या पुढच्या रविवारी माझ्याआधी निंबाखाली हजर. माझं मत सांगते: ही वही बँकेच्या व्याजापेक्षा जास्त कामाची ठरली.

सप्टेंबरात पावसानं सगळं विस्कटलं. मराठवाड्यात त्या महिन्यात पुरानं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातल्या एका अक्कांची शेती अंबडकडं, गोदावरीच्या अंगाला. सोयाबीन उभ्या पाण्यात सडलं. त्यांनी निरोप पाठवला की मला वगळा, भरलेले परत द्या. नियमाप्रमाणं मधे परत द्यायचं नव्हतं, आणि अशा वेळी नियम सांगायला तोंड कुणाला होतं? शेवटी ठरलं की त्यांचे पुढचे हप्ते माफ, नाताळचा माल त्यांना सगळ्यांएवढाच, फक्त रोख रक्कम भरलेल्या हिशेबानं कमी. अक्का आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं, पण करंज्या लाटायला मी सगळ्यांच्या घरी येईन." आल्याही.

आता खरेदी. मोंढ्यात जायचं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, असं आम्ही आधीपासून धरलं होतं. दिवाळीच्या आधी भाव चढलेले असतात, आणि नाताळाच्या शेवटच्या आठवड्यात किरकोळ दुकानात जायचं म्हणजे मिळेल त्या भावानं. लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी सोडल्या तर मधल्या दिवसांत व्यापाऱ्याला बोलायला वेळ असतो. आम्ही चौघी गेलो, मागं मालवाहू रिक्षा सांगून ठेवली.

मोंढ्यातल्या शेठना चार बाया पोतं घ्यायला आल्या याचं आधी हसू आलं. पण आमची यादी तयार होती. मैदा घरामागं तीन किलो, चौदा घरांचा बेचाळीस. म्हणजे 50 किलोचं एक पोतं, उरलेल्या आठ किलोत संडे स्कूलच्या लेकरांचा केक. रव्याचंही तसंच. 2022 च्या जुलैपासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या मैद्या-रव्यावर पाच टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या पोत्यावर नाही. किलोकिलोच्या पिशव्या घेणारी बाई तो कर भरते आणि तिला पत्ताही नसतो. साखरेला मात्र ही सवलत नाही, तिला पोतं काय नि पुडा काय, पाच टक्के आहेतच.

तेल हा सगळ्यात मोठा खर्च. घरामागं पाच लिटर, म्हणजे सत्तर लिटर. 15 लिटरचे पाच डबे घेतले. 2024 च्या सप्टेंबरात सरकारनं आयात खाद्यतेलावरचं शुल्क एकदम वाढवलं, 2025 च्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचं थोडं उतरवलं, तरी डबा काही पहिल्या भावावर आला नाही. आम्हाला दोन हजार पन्नासला एक पडला. सुट्या पिशवीपेक्षा लिटरमागं आठ-दहा रुपये कमी. त्याच मोंढ्यात पलीकडच्या आडतीवर सोयाबीन पडलेलं होतं. सरकारचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, आणि शेतकरी चार हजारांच्या आसपास देऊन चालले होते, ओलं आहे म्हणून त्याहून कमीही. अक्का आमच्याबरोबर होत्या. त्यांनी एक मूठ उचलून दाबून पाहिली, परत टाकली आणि म्हणाल्या, "चला, तेल घ्या."

खोबऱ्यानं मात्र घाम फोडला. 2025 साली नारळाचे भाव सगळीकडंच कडाडले होते, सुकं खोबरं पावणेचारशे रुपये किलो. करंजीत खोबरं नको का? दोघी म्हणाल्या अर्ध्याला रवा घाला, एक म्हणाली तीळ घाला. शेवटी घरामागं अर्धा किलो घेतलं आणि सारणात भाजलेला रवा नि थोडी डाळव्याची पूड घालायची असं ठरलं. माझ्या सासूबाई अजून म्हणतात की त्या करंज्या नव्हत्याच. सुका मेवा त्या मानानं बरा पडला. 22 सप्टेंबरपासून बदामावरचा जीएसटी बारावरून पाचवर आला होता. शेठनी बिलात तो नवाच दर लावलाय ना, हे आमच्या नर्सबाईंनी तिथंच उभ्यानं पाहून घेतलं.

सगळं मिळून घरामागं सव्वादोन हजारांच्या आसपास पडलं. हाच माल गल्लीतल्या दुकानातून घेतला असता तर पावणेसत्तावीसशेच्या घरात गेला असता. म्हणजे ठोक खरेदीत वाचले साडेचारशेच्या आतबाहेर. ऐकायला बरं वाटतं, पण रिक्षा, पोत्यांची हमाली आणि दिवसभराची पायपीट धरली तर त्यात फार काही नाही. खरे वाचले ते गटाच्या व्याजाचे अकराशे. ते कुठं दिसत नाहीत, पावती मिळत नाही, म्हणून बाया ते धरतच नाहीत. साडेचारशेचं मात्र आठ दिवस कौतुक चाललं होतं.

कपड्यांचं माझ्या धंद्यामुळं मला कळतं. स्वस्त कापड घ्यायचं तर भाऊबीज झाल्यावर आणि तुळशीच्या लग्नाच्या आत. 2025 ला भाऊबीज 23 ऑक्टोबरला आणि तुळशीविवाह 2 नोव्हेंबरपासून, म्हणजे जेमतेम दहा दिवस. दिवाळीचा उरलेला माल दुकानदाराला तेव्हाच काढायचा असतो, साइज तुटलेले फ्रॉक, संपत आलेले तागे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, मग तो एक रुपया सोडत नाही आणि आम्हा शिंप्यांनाही मान वर करायला फुरसत नसते. मी मंडळातल्या पाच-सहा बायांसाठी त्या दिवसांत कटपीस उचलले आणि दुपारी दुपारी फ्रॉक शिवून ठेवले. नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे झगे तर जुन्या पांढऱ्या साड्यांचेच. पंखांना दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला चंदेरी कागद. मेंढपाळांना घरातल्या घोंगड्या आहेतच.

नानकटाई आणि केक आम्ही घरी भाजत नाही. जुन्या बेकरीत नेतो. तिथं अजून लाकडाची भट्टी आहे. मैदा, पिठीसाखर, डालडा घरून न्यायचा, बेकरीवाले चाचा तुमच्यासमोर मोठ्या परातीत मळून देतात, आणि मग तुम्हीच बाकावर बसून गोळे वळायचे, काळ्या पत्र्यावर ओळीनं मांडायचे. मजुरी किलोवर. डिसेंबरात गर्दी नसते, कारण दिवाळी होऊन गेलेली आणि ईद लांब. चाचा लांब दांड्याच्या फळीनं पत्रा आत सरकवतात, आणि बाहेर काढायचा तो घड्याळ न बघता. पहिली नानकटाई चिरली की ती जिची त्या बाईकडं बघून म्हणतात, "बाई, तूप कम लाये." केकची भांडी भट्टीचा ताव उतरल्यावर, सगळ्यात शेवटी. मनुका आणि टूटीफ्रूटी आम्ही मोसंबीच्या रसात भिजवतो, जालन्यात मोसंबीला काय तोटा. रम घालणाऱ्यांनी घालावी, आमच्यात घातली तर पाळकसाहेब दोनदा मागून खातात आणि काही बोलत नाहीत, असा एक जुना विनोद आहे.

अंडी आधी घेता येत नाहीत आणि थंडीत ती महागतातच. तीसचा ट्रे घेऊन दोन घरांत वाटला, एवढंच. त्यात अक्कल चालवण्यासारखं काही नाही.

काही ठिकाणी मी वाचवलं नाही आणि वाचवणारही नाही. शेजारची ताटं कमी करू, असं आमच्यातल्याच एका तरुण वहिनींनी सुचवलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं थोडं घालून द्यायचं म्हणे. दिवाळीत ज्या घरातून आपल्याला अनारशापासून सगळं येतं, त्या घरी पाव किलोची पिशवी घेऊन कशी जाणार? ताटच गेलं, वर क्रोशाचा रुमाल घालून, जसं सासूबाईंच्या वेळी जायचं. मटणही तेवढंच आणलं. त्याबद्दल आमच्या ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वर्षभर काटकसर करा, त्या एका दुपारी नाही.

आणि चर्चमधल्या हंगामाच्या सणाचा लिलाव. नोव्हेंबरात लोक शेतातलं, घरातलं काही ना काही आणतात आणि उपासनेनंतर त्यावर बोली लागते. तिथं एक भोपळा पाचशेला जातो, कोंबडा हजारावर. बचतीच्या नजरेनं पाहिलं तर वेडेपणा. 2025 ला आमचे हे एका गुळाच्या ढेपेवर बोली वाढवत बसले. मी मागून शर्ट ओढत होते. ढेप सहाशे रुपयांना घरी आली. चिवड्यात, लाडवात, चहात ती आम्ही फेब्रुवारीपर्यंत खाल्ली.

वाटप डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी झालं. मैद्याचं पोतं उसवून वजनकाट्यावर तीन-तीन किलो, तेल मापानं, खोबरं हातानं निवडून. खोबऱ्याच्या वाट्या लहान-मोठ्या निघाल्या तेव्हा थोडी कुरकुर झाली. पाळकीणबाईंनी सगळ्यांत शेवटची, फुटक्या वाट्यांची पिशवी उचलली, मग गप्प झाले सगळे. त्यानंतर रोख. ज्यांचे अकरा हप्ते पूर्ण होते त्यांना तीन हजार दोनशे आणि वर काही, पाकिटावर नाव लिहून. त्यातून कुणी मटण-कोंबडीचं पाहिलं, कुणी अर्पण, कुणी सासऱ्यांचा चष्मा. एका बाईनं ते पाकीट घेतलं आणि तिथल्या तिथं बचत गटाच्या ताईंना देऊन गेल्या वर्षीच्या नाताळचा राहिलेला शेवटचा हप्ता फेडला.

सव्वीस आणि सत्तावीस डिसेंबरला मी परत बाजारात गेले. चांदण्या, झाडाच्या माळा, घंट्या, गोठ्याच्या मूर्ती, सगळं निम्म्यावर आलेलं असतं. दुकानदाराला ते वर्षभर धूळ खात ठेवायचं नसतं. दिव्यांच्या माळा तर दिवाळी झाल्याबरोबरच घेऊन ठेवाव्या, त्याच माळा, डिसेंबरात खोक्यावर सांताक्लॉजचं चित्र आलं की महाग होतात. मोठी चांदणी आमच्याकडं पोरंच करतात, बांबूच्या कामट्या आणि पतंगीचा कागद. संक्रांत जवळ असल्यामुळं पतंगीचा कागद डिसेंबरात पाहिजे तेवढा मिळतो.

2026 ची वही चार जानेवारीच्या रविवारी उघडली. हप्ता सहाशे केला. तेलाचा भाव कुठं जाईल सांगता येत नाही आणि खोबऱ्याची करंजी खोबऱ्याचीच पाहिजे, असा सासूबाईंचा ठरावच आहे. यंदा चार घरं नवीन आहेत, त्यातलं एक समोरच्या भाभींचं. त्यांना माल डिसेंबरात नको, ईदला पाहिजे. 2026 ची ईद मार्चमध्ये येते, तोवर त्यांचे जेमतेम तीन हप्ते भरून होतील. म्हणून त्यांच्यासाठी वहीत शेवटून एक वेगळं पान काढलं आहे; त्यांचं वर्ष मार्चच्या ईदनंतर सुरू होईल आणि पुढच्या ईदच्या आत संपेल. ती ईद आणखी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकलेली असेल, ते धरून हप्ते किती बसवायचे हे आम्ही दोघी अजून मोजतोय.